सपाटीवर स्नोबोर्ड थांबतो: दोष बोर्डाचा की माझा?

नमस्कार. मी म्युनिकमध्ये राहतो आणि स्नोबोर्डिंगचा हा माझा तिसरा हिवाळा आहे. इन्सब्रुकजवळच्या श्टुबाई हिमनदीवर उतार संपल्यावर लिफ्टकडे जाणारा जो सपाट पट्टा लागतो, तिथे माझा बोर्ड दर वेळी मध्येच थांबतो. मग मागचा पाय बाइंडिंगमधून (बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीतून) सोडवून, एका पायाने रेटत आणि स्कीवाल्यांच्या काठ्यांकडे हेव्याने पाहत उरलेले अंतर कापावे लागते. माझा मित्र माझ्याहून चांगला 15 किलोंनी हलका असूनही तिथून न थांबता निघून जातो.

माझा बोर्ड जुना विकत घेतलेला, 152 सेंटीमीटरचा, मऊ आणि मधोमध रॉकर असलेला (मध्य खाली टेकलेला, टोके वर उचललेली) आहे. माझे वजन 78 किलो. तळ एक्स्ट्रूडेड (वितळवलेल्या प्लास्टिकचा, मेण कमी शोषणारा) असून कडांलगत पांढुरका पडला आहे आणि तिथे बोट फिरवल्यास खरखरीत लागतो. मित्राचा बोर्ड 159 सेंटीमीटरचा, कॅम्बरचा (मध्य कमानीसारखा उचललेला), सिंटर्ड तळाचा (प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला, मेण जास्त शोषणारा). तो बर्फाच्या तापमानाप्रमाणे मेण निवडून इस्त्रीने लावतो.

शनिवारी आम्ही बोर्ड बदलून पाहिले. त्याच्या बोर्डावर मी नेहमीपेक्षा बराच पुढे गेलो, तरी लिफ्ट गाठू शकलो नाही. तो मात्र माझ्या मेण नसलेल्या, कोरड्या बोर्डावर थेट रांगेपर्यंत आला. वर जाऊन पाहिले, तर त्याच्या वळणांचा माग सुरीने ओढल्यासारखा बारीक होता आणि माझा केरसुणी फिरवल्यासारखा रुंद. म्हणजे वळणात कडेवर न राहता मी बोर्डाची शेपूट घसरवतो आणि सपाटी येण्याआधीच वेग संपवून बसतो. शिवाय कड अडकून आपटण्याच्या भीतीने सपाटीवरही मी टाचेकडची कड किंचित दाबून ठेवतो.

2018 च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये एस्तेर लेडेत्स्काने स्कीवरची सुपर-जी आणि स्नोबोर्डवरची समांतर जायंट स्लॅलम अशा दोन्ही शर्यती जिंकल्या, हा दाखला मित्र कौशल्याच्या बाजूने देतो. मात्र तिच्या शर्यतीच्या लांब, ताठ बोर्डाचा विषय तो सोयीस्करपणे टाळतो.

या हिवाळ्यात नवा बोर्ड किंवा प्रशिक्षकाकडे काही तास, यांपैकी एकच खर्च मला परवडेल. माझ्या वजनाला 152 चा बोर्ड खरोखरच तोकडा आहे का, आणि लांब, ताठ कॅम्बर बोर्ड घेतल्यास माझ्यासारख्या घसरत वळणाऱ्याला तो आवरेल का? जुन्या एक्स्ट्रूडेड तळाला मेण दिल्यास ते साधारण किती दिवस पुरते? आणि कड न अडकता बोर्ड पूर्ण सपाट ठेवून सरळ जाण्याचा सराव आपण कसा केला, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.