डब्यात १७ जुने पेन ड्राइव्ह निघाले, यांचं करू काय?

झेरॉक्सवाला (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. बस स्टँडजवळ माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवाळीची झाडझूड करताना बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. उघडून पाहतो तर १७ पेन ड्राइव्ह. काही गिऱ्हाइकांचे, "राहू द्या, उद्या नेतो" म्हणून ठेवलेले. काही माझे, लग्नाच्या शूटिंगच्या काळातले. सगळे लावून पाहिले, ११ चालू निघाले: २ जीबीचे सहा, ४ चे चार अन् ८ चा एक. एकाचं टोपण उंदरानं कुरतडलं आहे, तरी चालतो पठ्ठ्या.

बायको म्हणते भंगारवाल्याला देऊन टाका. तिचंही चूक नाही, कागद आता सगळे व्हॉट्सअॅपवर येतात. पण यातला ४ जीबीचा पहिला घेतला तेव्हा मी तो गळ्यात अडकवून गावभर फिरलो होतो, म्हणून हात होत नाही.

"फोटो साठवा" हे सोडून काही सांगा. ते करून झालं. पुतणीचं अर्धं बारसं गेलं त्यात.

वावर अन् वायर (जि. वाशीम)

भाऊ, भंगारात नोका देऊ. तुमच्याइकडे पिकात घुसनारे डुकरं, रोही (नीलगाय) हायेत ना? मंग ऐका.

१२ व्होल्टचा यूएसबीवाला अॅम्प्लिफायर बोर्ड घ्या, एक भोंगा घ्या, अन् फवारणी पंपाची बॅटरी लावा. पेन ड्राइव्हात आवाज भरा: कुत्रे भुकते, कोनी डबा बडवते, कोनी हाऽऽड हाऽऽड करते. जागलीचं, म्हंजे रातच्या राखणीचं, निम्मं काम तोच करते.

पण एकच आवाज रातभर लावसान तं चौथ्या रोजी डुकराले समजते का इथं मानूस नाही. म्हणून मधात शांततेच्या फायली टाका. फोन बंद खोलीत ठेवून ४ मिनिटं, ९ मिनिटं, १५ मिनिटं नुसतं रेकॉर्ड करा अन् त्या आवाजाच्या मधात घाला. १२८ केबीपीएसची एमपी३ मिनिटाले १ एमबीच्या आसपास खाते. १२ घंट्याची रात ७०० एमबीत बसली. म्हंजे तुमच्या २ जीबीवाल्यात दोन येगयेगळ्या राती मावते.

फॉरमॅट फॅट३२ मधेच मारा, हे सस्ते बोर्ड बाकीचं बहुतेक ओळखत नाही. अन् ते नाव पाहून वाजवत नाही, ज्या क्रमानं कॉपी केलं त्या क्रमानं वाजवते. एकएक फाईल टाका.

कायद्याचं बोला

आधी गिऱ्हाइकांच्या ड्राइव्हचं पाहा. त्यात त्यांचे आधार, पासबुक असणार. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं अन् जन्मसाल. गावात हे कोणाला माहीत नसतं? मालक सापडला तर परत द्या. नाही सापडला तर "क्विक फॉरमॅट"ची टिक काढून फॉरमॅट मारा. टिक ठेवली तर फाईल दिसेनाशी होते फक्त, आत तशीच असते.

झाडीपट्टीवाला (ब्रह्मपुरी)

आमच्या नाटकातला ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा) त्याचे सगळे पॅच, म्हणजे मशीनचे आवाज, पेन ड्राइव्हवर ठेवतो. भाऊबीजेपासून नाटकं सुरू झाली की रोज नवं गाव, रोज रात्रभर प्रयोग. मागं एकदा मशीननं ऐन विजेच्या कडकडाटाला ढोलकी वाजवली होती, खलनायक मरता मरता हसला. तेव्हापासून दोन ड्राइव्ह, एक पेटीत, एक खिशात.

मेळघाटातली बाई

धारणीच्या पुढे माझी शाळा. पहिलीत येणारी मुलं घरी कोरकू बोलतात, मराठी त्यांना शाळेतच भेटते. मी पाड्यावरच्या आज्यांकडून कोरकू गोष्टी फोनवर रेकॉर्ड केल्या आणि पेन ड्राइव्हवर टाकून वर्गातल्या स्पीकरला लावते. पुढचं बटण मुलंच दाबतात. रेंज नसली तरी अडत नाही. आता एकेका आजीचा वेगळा ड्राइव्ह करायचाय, कारण मुलं नाव घेऊन मागतात, "तिची लावा."

फोटोंचं मात्र तुमच्यासारखंच माझंही झालंय. वर्षानुवर्षं न लावता पडलेल्या पेन ड्राइव्हमधला विद्युतभार हळूहळू झिरपतो. एकमेव प्रत त्यात ठेवू नये.

झेरॉक्सवाला

पंधरा दिवसांनी येतोय, माफी असावी.

वाशीमच्या भाऊंचं ऐकलं अन् पहिल्याच दिवशी नाही ऐकलं. दुकानात गर्दी होती, सगळ्या फायली निवडल्या अन् एकदम ओढून टाकल्या. झालं काय, आधी सगळी कुत्री ओळीनं भुंकली अन् मग सगळी शांतता ओळीनं लागली. रात्री दोननंतर भोंगा गप्प. डुकरांनी चार पानांवर आलेल्या हरभऱ्याच्या दोन ओळी उकरून ठेवल्या. धाकटा भाऊ सकाळी धुऱ्यावर उभा राहून जे बोलला ते इथं लिहिता येत नाही.

मग फॅट३२, एकएक फाईल, सगळं सांगितल्यासारखं. आता दर दोन दिवसांनी ड्राइव्ह बदलतो अन् भोंग्याची जागाही. आतापर्यंत डुक्कर आत आलं नाही. एकच भानगड आहे: शेजारच्या वावरातला मोत्या आमच्या रेकॉर्डिंगातल्या कुत्र्याला रात्रभर उत्तर देतो, त्याला पाहून पलीकडचे तीन. आता खरी कोणती अन् भोंग्यातली कोणती, आम्हालाच समजत नाही. शेजारी चिडला होता, पण त्याचीही तूर वाचली म्हणून गप्प आहे.

गिऱ्हाइकांच्या आठपैकी पाच जणांचा पत्ता लागला. एकानं ओळखच दाखवली नाही. दुसऱ्यानं त्यातलं भजनी मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग पाहून मला जबरदस्तीनं चहा पाजला.

बाई, ४ जीबीचे दोन अन् ८ चा एक तुम्हाला पाठवतो. पत्ता खासगीत कळवा. त्यातल्या एकाला टोपण नाही, चालेल का?

मेळघाटातली बाई

तोच आधी पाठवा. टोपणं इथं दोन दिवस टिकत नाहीत.