कन्सोलवरून कॉम्प्युटरवर आलेले गेम: घेण्याआधी काय बघावं, आणि कोणते घ्यावेत?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. मी फक्त कॉम्प्युटरवर, कीबोर्ड-माउसने खेळतो. नुकताच एक नावाजलेला अ‍ॅक्शन गेम घेतला. आधी कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर) आलेला, मग इकडे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण धागा त्या एका गेमवर जायला नको. मशीनला तो जड नाही, फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) भरपूर मिळतात. तरीही माउस फिरवला की कॅमेरा चिखलातून पाय काढल्यासारखा वळतो. पिशवी उघडली की सगळ्या पडद्यावर जेमतेम सात वस्तू दिसतात, त्याही एकाखाली एक. साधं 'हो' म्हणायला बटण दाबून धरायला लागतं. आणि थोडा वेळ खेळलं की डोकं गरगरायला लागतं.

तर हे असं का होतं? यातलं काय सेटिंगमधून सुधारतं आणि काय नाही? आणि माउसवर खरोखर छान चालणारे असे गेम सुचवा. ग्राफिक्स कार्ड ८ जीबी मेमरीचं आहे. कंट्रोलर घ्यायचा नाहीये, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

रात्रपाळी

माउसचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त चिडचिड तिथेच होते.

कंट्रोलरची स्टिक (अंगठ्याने कलवायची दांडी) गेमला वेग सांगते: इतकी कलली, म्हणजे इतक्या वेगाने वळत राहा. माउस अंतर सांगतो: हात इतका सरकला, तर नजरही तितकीच वळव आणि थांब. गेम मुळात स्टिकसाठी बांधला असेल आणि पोर्ट करणाऱ्यांनी (म्हणजे तो कॉम्प्युटरवर आणणाऱ्यांनी) घाई केली असेल, तर माउसची हालचाल सरळ स्टिकच्या भाषेत बदलून आत पाठवतात. स्टिकला कमाल वेग असतो, तो मग माउसलाही लागू होतो. तुम्ही झटक्यात हात फिरवता, गेम म्हणतो एवढ्या वेगाने वळता येत नाही, आणि उरलेली हालचाल टाकून देतो. तुमचा चिखल तो हाच.

खात्री करायची सोपी रीत आहे. गेममध्ये एखाद्या दाराच्या कडीवर नेम धरा आणि माउसपॅडवर माउसची जागा लक्षात ठेवा. आता माउस हळूहळू उजवीकडे न्या आणि झटक्यात मूळ जागी परत आणा. नेम पुन्हा कडीवर आला तर माउस नीट जोडलाय. दाराच्या बाहेरच राहिला तर मध्ये काहीतरी भेसळ आहे. सेटिंगमध्ये 'रॉ इनपुट' (माउसची हालचाल न बदलता घेणं) असेल तर चालू करा, 'स्मूदिंग' (हालचाल मऊ करणं) आणि 'अ‍ॅक्सलरेशन' (हात वेगाने फिरवला की नजर जास्त वळवणं) बंद करा. तरीही फरक पडला नाही तर दोष आतला आहे, पॅच (कंपनीची दुरुस्ती) किंवा मॉड (खेळाडूंनी केलेला बदल) येईपर्यंत तो जात नाही.

'रेसिडेंट इव्हिल ४'च्या २००७ सालच्या कॉम्प्युटर आवृत्तीत तर माउसने नेम धरायची सोयच नव्हती. त्या मानाने आज परिस्थिती बरीच सुधारली आहे.

दुसरी_फेरी

गरगरण्यावर जरूर उपाय करा, अंगावर काढू नका. टीव्ही सोफ्यापासून लांब असतो, म्हणून कन्सोलवर कॅमेऱ्याचा कोन अरुंद ठेवलेला चालतो, बरेचदा ६० ते ६५ अंश. शिवाय अरुंद कोनात कमी गोष्टी काढाव्या लागतात, त्यामुळे कन्सोलचं कामही हलकं होतं. तेच चित्र हातभर अंतरावरच्या मॉनिटरवर बघितलं की नळीतून जग बघतोय असं वाटतं आणि काहींना मळमळतं. सेटिंगमध्ये एफओव्ही (म्हणजे हाच कोन) शोधा आणि ९०च्या आसपास नेऊन बघा. सोबत 'मोशन ब्लर' (हलताना चित्र पुसट करणं) आणि चालताना कॅमेरा हलण्याचा पर्याय बंद करा. मला यानेच बरं वाटतं.

मेनूचं कारणही तेच अंतर. लांबून वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी, आणि स्टिकने वर-खाली जायचं म्हणून सगळं एका रांगेत. 'स्कायरिम' २०११ मध्ये आला तेव्हा त्याची यादी अशीच लांबलचक होती. खेळाडूंनी 'स्काययूआय' नावाचा मॉड केला, त्यात वजन, किंमत, नुकसान असे रकाने आले आणि वाटेल त्या रकान्याप्रमाणे यादी लावता यायला लागली. माउसवर खेळणाऱ्याला काय लागतं हे समजून घ्यायचं असेल तर तो मॉड लावण्याआधीची आणि नंतरची पिशवी शेजारी-शेजारी ठेवून बघा.

जुना_खेळगडी

वरच्या दोघांनी सांगितलं ते वरवरचं आहे असं मी म्हणणार नाही, पण ते दुरुस्त होण्यासारखं आहे. गेमच्या हाडात शिरलेल्या गोष्टी वेगळ्या, आणि मला खरी हळहळ त्यांचीच वाटते.

पहिल्या एक्सबॉक्सला (मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलला) सगळी मिळून ६४ एमबी मेमरी होती. 'डेयस एक्स' २००० साली कॉम्प्युटरसाठी बांधला गेला, त्यात अख्खं बेट, अख्ख्या गल्ल्या मोकळ्या मिळायच्या. पुढचा भाग 'इनव्हिजिबल वॉर' २००३ मध्ये आला तो एक्सबॉक्स डोळ्यांसमोर ठेवून. जागा लहान-लहान तुकड्यांत कापल्या गेल्या, दर थोड्या वेळाने लोडिंग, आणि सगळ्या बंदुकांना एकच सामाईक दारूगोळा. २००४ च्या 'थीफ: डेडली शॅडोज'मध्येही शहर आणि मोहिमा अशाच तुकड्यांत आल्या. तुमच्या मशीनमध्ये दहापट मेमरी असली तरी भिंत जिथे घातली तिथेच राहते. कुठलंही सेटिंग ती पाडू शकत नाही.

पुढच्या पिढीतही तेच. एक्सबॉक्स ३६० ला ५१२ एमबी, आणि सोनीच्या पीएस३ला २५६ अधिक २५६. 'मास इफेक्ट'मधल्या लिफ्ट आठवतात? लिफ्ट चालू असताना पुढची जागा मेमरीत भरली जात होती. २०२१ च्या 'लेजंडरी एडिशन'मध्ये लोडिंग संपल्यावर लिफ्ट सोडून पुढे जायची सोय दिली, तेव्हा कळलं की किती वेळ उगाच उभे होतो.

एकावेळी दोनच बंदुका बाळगायची रीतही बटणं कमी असल्याने सोयीची पडली. 'हेलो'मध्ये तिच्याभोवती लढाई विचारपूर्वक रचली होती, म्हणून ती शोभली. 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर'ने २०११ मध्ये तीच उचलली आणि तिथे ती अजिबात बसली नाही. नंतर कॉम्प्युटरवर पॅच देऊन चार बंदुकांचा पर्याय द्यावा लागला.

तिसरा_डाव

खेळगडी, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण तराजूचं दुसरं पारडंही बघा. मोठे गेम बनवायचा खर्च कन्सोलच्या विक्रीशिवाय निघत नाही. आणि मर्यादा नेहमी नुकसानच करते असं नाही. शत्रूवर नजर बांधून त्याच्याभोवती फिरत लढायची पद्धत स्टिकवरच घडली, आणि तिच्याशिवाय 'डार्क सोल्स' उभाच राहत नाही. तो कॉम्प्युटरवर यावा म्हणून खेळाडूंनीच अर्ज केला होता. २०१२ मध्ये तो आला तेव्हा ३० फ्रेमवर बांधलेला होता आणि आतलं चित्र १०२४ बाय ७२० चंच, मॉनिटर कितीही मोठा असो. 'ड्युरांटे' या टोपणनावाच्या खेळाडूने लगेच 'डीएसफिक्स' हा मॉड काढून चित्र मोकळं केलं. रचना उत्तम आणि पोर्ट वाईट असं होऊ शकतं. या दोन गोष्टी वेगळ्या तोलाव्यात.

त्यामुळे रचना स्टिकची असेल तर माउसचा हट्ट धरू नये असं मला वाटतं. पहाटवारा, तुम्हाला कंट्रोलर नकोय हे वाचलं, म्हणून तसे गेम मी यादीतून आधीच वगळतो.

रात्रपाळी

फ्रेमची एक गंमत नाही, अडचण सांगायची राहिली. कन्सोलवर बरेचदा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम ठरलेल्या असतात, म्हणून काही ठिकाणी गेमचं घड्याळच फ्रेमवर चालवतात. 'नीड फॉर स्पीड रायव्हल्स' २०१३ मध्ये ३० वर बांधलेला होता. लोकांनी बंधन काढून ६० केलं तर अख्खा गेमच दुप्पट वेगाने पळायला लागला. 'डार्क सोल्स २'मध्ये ६० फ्रेमवर शस्त्रं दुप्पट वेगाने झिजत होती. 'स्कायरिम'च्या सुरुवातीची घोडागाडी ६० च्या वर नेली की उड्या मारते. म्हणून जुना पोर्ट असेल तर आधी चौकशी करा, आणि मगच मर्यादा उचला.

आणि पहिल्यांदा एखादा स्फोट झाला की क्षणभर चित्र अडकतं ना, ते शेडरमुळे (प्रकाश, रंग कसे काढायचे हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम). कन्सोलमध्ये सगळ्यांचं ग्राफिक्स एकच, म्हणून शेडर आधीच तयार करून देता येतात. इथे प्रत्येकाचं कार्ड आणि ड्रायव्हर वेगळा, त्यामुळे ते तुमच्या मशीनवर तयार करावे लागतात. चांगला पोर्ट हे काम सुरुवातीलाच उरकतो. तेव्हा शेडर तयार होतानाची पट्टी सरकत असताना गेम बंद करू नका, पूर्ण होऊ द्या.

पहाटवारा

सगळ्यांचे आभार. दाराच्या कडीची परीक्षा केली, नेम फार लांब राहिला. रॉ इनपुटचा पर्याय या गेममध्ये नाहीच. एफओव्ही मात्र सापडला, वाढवला, आणि गरगरणं जवळपास थांबलं. दुसरी_फेरी, तुमचे विशेष आभार.

आता नावं सांगा ना. आणि घेण्याआधी कसं तपासू?

दुसरी_फेरी

माउससाठी डोळे मिटून 'डूम' (२०१६). कॉम्प्युटर, पीएस४ आणि एक्सबॉक्स वन, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी आला, तरी कॉम्प्युटरवर तो इथलाच वाटतो. वेग, नेम, एफओव्ही सगळं हातात. गोष्टीत रमायचं असेल तर 'डेयस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन' (२०११). कॉम्प्युटर आवृत्तीचं काम निक्सेस या पोर्ट करणाऱ्या कंपनीने केलं होतं आणि माउसचा विचार जागोजागी दिसतो. त्याच मंडळींचे 'स्पायडर-मॅन रीमास्टर्ड' आणि 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' पण बघा. निक्सेसचं नाव दिसलं की मी निर्धास्त होते.

जुना_खेळगडी

'बाल्डर्स गेट ३' घ्या. त्यात माउसचा मेनू वेगळा आणि कंट्रोलरचा वेगळा बांधलाय. कंट्रोलर हातात घेतला की अख्खा पडदा बदलतो. दोघांनाही दुय्यम वागणूक नाही, सगळ्यांनी असंच करायला हवं.

'गॉड ऑफ वॉर' सुंदर आहे, पण कॅमेरा नायक क्रेटोसच्या खांद्याला चिकटून असतो आणि सगळा खेळ एका सलग शॉटसारखा चालतो. गरगरण्याचा त्रास आहे तर तो पहिला घेऊ नका.

तिसरा_डाव

तपासण्यासाठी 'पीसीगेमिंगविकी' ही वेबसाइट. गेमचं नाव टाका: माउस अ‍ॅक्सलरेशन, एफओव्ही, फ्रेमची मर्यादा, बटणं बदलता येतात का, सगळं मिळतं, आणि उपायही. परीक्षणं वाचताना तारीख बघा. 'बॅटमॅन: आर्कम नाइट'ची कॉम्प्युटर आवृत्ती जून २०१५ मध्ये इतकी बिघडलेली आली की विक्रीच थांबवली, आणि ऑक्टोबरमध्ये परत आणली. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' मार्च २०२३ मध्ये आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांचेच हाल झाले होते, नंतरच्या पॅचने बराच सावरला. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून वापरतात, म्हणून टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) त्या हिशेबाने बनतात. तुमच्या कार्डावर टेक्स्चर एक पायरी खाली ठेवा. गेम आल्या आल्या घेऊ नका, थोडे पॅच येऊ द्या.

स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर) घेत असाल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचे २ तास भरण्याआधी परत करता येतो. शेडरची पट्टी गेम चालू असताना सरकत असेल तर तो वेळही त्या २ तासांतच धरला जातो. तेव्हा पट्टी संपली की गोष्ट बाजूला ठेवा आणि सरळ कडीची परीक्षा, एफओव्ही, पिशवी आणि सेव्ह कसा होतो एवढं बघून घ्या.

पहाटवारा

'डूम'पासून सुरुवात करतो. 'बाल्डर्स गेट ३' त्यानंतर. सध्याचा गेम मुदतीत बसतोय, परत करायला टाकलाय.

रात्रपाळी

उत्तम. 'डूम'मध्ये मोशन ब्लर आधी बंद करा, मगच पहिलं दार उघडा.