वाढ म्हणे अठराव्या वर्षी थांबते! (नर्सिंगच्या अभ्यासक्रमावरून)

मेट्रनबाई
परवा इथे एका बालरोगतज्ज्ञांनी लिहिलं: "नर्सिंगच्या मुलींकडून एरिक्सनचे आठ टप्पे आणि पियाजे घोकून घेणं बंद करा. वाढ आणि विकास ० ते १८, पुढे फक्त आजार. त्यातून वाचलेल्या तासांत आयव्ही (शिरेत सलाईनची सुई) लावायला शिकवा." (एरिक्सनने जन्मापासून म्हातारपणापर्यंत मनाच्या वाढीचे आठ टप्पे सांगितले, पियाजेने मुलांची विचारशक्ती कशी वाढते ते.) खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मी मेडिसिन वॉर्डात आयुष्य काढलं, आता शिकवते. "पुढे फक्त आजार" ही समजूत वॉर्डात जीव घेते. ऐंशीचे आजोबा रात्री अचानक बरळायला लागतात, सलाईन उपसतात, सुनेला ओळखत नाहीत. ड्यूटीवरची मुलगी म्हणते, वय झालं, साठी बुद्धी नाठी. अहो, वय एका रात्रीत होत नाही! लघवीत जंतुसंसर्ग असतो, सोडियम उतरलेलं असतं, लघवी तुंबलेली असते, नाहीतर कालच सुरू केलेली झोपेची गोळी असते. त्या वयात संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. हार्ट अटॅकला छातीत दुखेलच असं नाही. रक्तातलं क्रिएटिनीन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) १.० हा आकडा पंचविशीतल्या पैलवानाला ठीक आहे, ऐंशीच्या सुकलेल्या आजीला नाही. तिच्या अंगात स्नायूच उरलेला नसतो, म्हणून मूत्रपिंड थकलेलं असूनही रिपोर्ट चांगला दिसतो. ताप न चढणं, स्नायू झडणं हे त्या वयाचं नेहमीचं आहे. नेहमीचं काय तेच माहीत नसेल तर बिघडलेलं ओळखणार कसं?

आणि वाढ अठराला थांबते हेही खरं नाही. हाडं तिशीच्या आसपास सर्वांत भक्कम होतात. मेंदूचा पुढचा भाग, जो धोका जोखतो आणि आवर घालतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून हलकी. स्नायू कमी, पण चरबी मात्र टिकून. पुढे मधुमेह होण्याची तयारी आईच्या पोटातच सुरू होते, हे आपल्या खेड्यांतूनही दिसलं. गरोदर बाई, तान्हं बाळ आणि पन्नाशीतला मधुमेही हा एकच धडा आहे. तो अठराला कुठून कापायचा?

बालरोगवाला
मूळ पोस्ट माझी. सिस्टर, तुम्ही सांगितलंत ते शरीरशास्त्र, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. राग आहे तो पाठांतरावर. मुली "ट्रस्ट वर्सेस मिसट्रस्ट" (एरिक्सनचा पहिला टप्पा, विश्वास की अविश्वास) घडाघडा म्हणतात आणि बाळाचं वजन घेताना काटा शून्यावर आणत नाहीत, दुपटं काढत नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची, हे विचारलं की एकमेकींकडे बघतात. पियाजेने आपल्या घरातल्या तीन मुलांकडे बघून निम्मा सिद्धांत मांडला, तो मेळघाटातल्या नर्सला कशाला?

आणि तक्ते पाठ करून होतं काय, तर आयांना घाबरवणं. "वर्ष झालं, चालत कसं नाही?" जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली निरोगी मुलं तपासली, त्यांत आपल्या दिल्लीचीही होती. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत कधीही आलं. शंभरातली चारेक मुलं हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरी ठणठणीत होती.

कोयता_जोडी
मी बीडकडे आरोग्याचं काम करते. एरिक्सन म्हणतो १२ ते १८ म्हणजे "मी कोण" हे शोधण्याचं वय. आमच्याकडे त्या वयात मुलीचं लग्न लावून तिला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला पाठवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. या मुलींना कोणता टप्पा लावू ते सांगा.

मेट्रनबाई
@कोयता_जोडी, ताई, म्हणूनच शिकवायचं! सोळाव्या वर्षी तिची स्वतःची कंबरेची हाडं अजून वाढत असतात, उंचीही वाढत असू शकते, त्यात पोटातलं बाळ वाटेकरी होतं. ती प्रसूतीला आली की वॉर्डात तिला "बाई" म्हणून वागवतात, दटावतात. ती पोर आहे हे ज्या नर्सला दिसतं, ती तिचा हात धरते. ही नजर शिकवल्याशिवाय येत नाही.

निवृत्त_मास्तर
अवांतर होईल, पण डॉक्टरांशी पूर्ण सहमत. माझा मुलगा तीन वर्षं उलटली तरी बोलत नव्हता. आज बंगळुरूत इंजिनिअर आहे. मुलगे उशिराच बोलतात, आमच्या घराण्यात तर सगळेच. आता नातू दोन वर्षांचा झाला, एखादाच शब्द बोलतो, तर लसीकरणाच्या वेळी एका नर्सने सुनेच्या डोक्यात भरवलं की कान तपासा. सून रात्रभर रडत होती. अर्धवट शिकवलं की असं होतं.

कान्हाची_आई
"मुलगे उशिरा बोलतात." काका, हे वाक्य मला सासूबाईंनी सांगितलं, शेजारणीने सांगितलं, एका दवाखान्यात डॉक्टरांनीसुद्धा सांगितलं. मी विश्वास ठेवला. माझा मुलगा तान्हा असताना छान हुंकार द्यायचा, म्हणून कुणाला शंका आली नाही. बहिरी बाळंही सुरुवातीला आवाज काढतात, हे मला फार नंतर कळलं. एका शिकाऊ नर्सने विचारलं, "मागून हाक मारली तर हा वळत का नाही?" तेव्हा तो तीन वर्षांचा होत आला होता. तिने मला घाबरवलं नाही. इतकी वर्षं बाकी सगळ्यांनी मला झोपवलं होतं, तिने उठवलं.

निवृत्त_मास्तर
तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण एका उदाहरणावरून सगळ्या आयांची झोप उडवायची का?

कान्हाची_आई
तुमचंही एकच उदाहरण आहे, काका. तुमचं चांगलं निघालं, एवढाच फरक. माझ्या मुलाची ती वर्षं कोण परत देणार?

वाचा_उपचार
जरा थांबा दोघेही. मी रोज हेच काम करते. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक थोड्या महिन्यांचा, वर्षांचा नाही. वर्षाच्या सुमाराला एखादा अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "आई ये" अशी दोन शब्दांची जोडी. दोन वर्षांनी एवढंही नसेल तर पहिली पायरी कानाची तपासणी, मग बाकी सगळं. खरं तर जन्मापासून एक महिन्यात कानाची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असं व्हायला हवं. "वाट बघू" हा सल्ला मला अतोनात छळतो.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत पाळणाघरातल्या बाईंनी सांगितलं की घरात मराठी बंद करा, म्हणून मूल बोलत नाही. आम्ही मूर्खासारखी केलीही. आजीशी त्याचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

वाचा_उपचार
@एडिसनकर, दोन भाषांमुळे बोलणं रखडत नाही. आजच मराठी सुरू करा.

थर्ड_इयर
सर, मॅडम, आम्हाला पण बोलू द्या. आम्हाला तक्ता दिला जातो, मूल दिलं जात नाही. बालरुग्ण वॉर्डातली मुलं आजारी असतात, ती कुठे आम्हाला खेळून दाखवणार? अंगणवाडीत एक आठवडा बसवलं तरी निरोगी मूल काय करतं ते कळेल. वृद्धाश्रम तर आम्ही पाहिलेलाच नाही.

बालरोगवाला
@थर्ड_इयर, हे मान्य, शंभर टक्के. आणि सिस्टर, म्हाताऱ्यांबद्दलचा तुमचा मुद्दाही मान्य करावा लागतोय. "पुढे फक्त आजार" हे माझं वाक्य मी मागे घेतो. एरिक्सनबद्दलचं नाही. त्यावरचा पाच गुणांचा प्रश्न काढून टाका, त्याऐवजी एक बाळ आणि एक वृद्ध, दोघांची प्रत्यक्ष नोंद लिहायला लावा.

मेट्रनबाई
प्रश्न काढा, माझी हरकत नाही. एरिक्सन काढू देणार नाही. जेवण नाकारणारे, "आता कशाला जगायचं" म्हणत भिंतीकडे तोंड करून पडणारे रुग्ण तुमच्या ओपीडीत येत नाहीत, डॉक्टर. ते आमच्याकडे असतात, आणि रात्री दोन वाजता त्यांच्याशी काय बोलायचं हे सलाईनच्या कुठल्याही सुईत भरलेलं नसतं. त्या माणसाला आपल्या आयुष्याचा हिशोब लावायचा असतो, त्याला बोलतं करायचं असतं. हे एरिक्सनच्या आठव्या टप्प्यावरून माझ्या मुली शिकतात. दुसरं काही यापेक्षा चांगलं असेल तर द्या, तेही शिकवते.

निवृत्त_मास्तर
ठीक आहे. नातवाचे कान तपासून घेतो, सुनेच्या समाधानासाठी. मुलगे उशिरा बोलतात हे माझं मत मात्र कायम आहे.

कान्हाची_आई
मत राहू द्या, काका. तपासणी या आठवड्यात करा.

वाचा_उपचार
काका, जिल्हा रुग्णालयात लवकर निदानाचं केंद्र असतं, तिथे विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली हे मोफत होतं. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली होती. मूल झोपलेलं असेल तर तपासणी नीट होते, तेव्हा त्या दिवशी सकाळी त्याला लवकर उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका. आणि सुनेलाच आत जाऊ द्या. तिला काय काय दिसलं आहे, ते तिच्या तोंडून ऐकायचं असतं.