सुधार प्रन्यासाचा सभापती नेमलेला असावा की निवडलेला?

मानेवाडेकर:
नागपूर सुधार प्रन्यासाचा सभापती राज्य सरकार नेमते आणि तो सहसा भारतीय प्रशासन सेवेतला अधिकारी असतो. अलीकडे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे आयुक्तपदही त्याच अधिकाऱ्याकडे असते. 1936 च्या कायद्याने प्रन्यास उभा राहिला तो शहराची आखणी करण्यासाठी, भूखंड पाडण्यासाठी आणि रस्ते काढण्यासाठी. त्या कामाला अधिकारी नेमणे योग्यच होते. पण त्याच कार्यालयाकडे उद्याने, मैदाने आणि समाजभवनेही आहेत, आणि ती चालवणे हे वेगळ्या स्वभावाचे काम आहे. आमच्या लेआउटमधल्या समाजभवनाच्या स्वयंपाकघरातला नळ दिवाळीपासून गळतो आहे. अर्ज दिला की 'वर पाठवला आहे' एवढेच उत्तर मिळते. हा 'वर' बसलेला माणूस मतदाराला बांधील असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीनेही उद्याने आणि क्रीडांगणे हे विषय नगरपालिकांकडे देण्याजोगे मानलेच आहेत.

धरमपेठकर:
मानेवाडेकर महोदय, आपली तक्रार रास्त आहे, पण उपाय उलटा आहे. ज्या महापालिकेचे उदाहरण आपण अप्रत्यक्षपणे देता, तिथे तरी काय घडते? महापौर निवडलेला असला तरी कार्यकारी अधिकार आयुक्तांकडेच असतात. आणि मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर प्रशासक म्हणून सारा कारभार त्यांच्याच हाती गेला. म्हणजे समाजभवने महापालिकेकडे दिली असती, तरी तेव्हा आपला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला असता, इतकेच. दुसरे असे की, निवडून आलेल्या सभापतीच्या काळात लग्नसराईच्या तारखा कोणाला मिळतील, हे नागपूरकराला सांगायला नको. रांगेतला सामान्य माणूस अनामत रकमेची पावती हातात धरून उभा राहील आणि हॉल मात्र 'भाऊंच्या माणसाला' मिळेल. अधिकारी निदान नियमाआड लपतो. नियम लिहिलेला असतो, त्यावर भांडता तरी येते.

लकडगंजकर:
आपण दोघेही खुर्चीभोवतीच फिरत आहात. भूखंड आणि नियमितीकरण शुल्क (विनापरवानगी पाडलेले भूखंड नियमित करून देण्याचे शुल्क) यांतून पैसा येतो, म्हणून प्रन्यासाचे लक्ष तिकडे राहणार. समाजभवनातून मिळते ते भाडे, आणि तेही दुरुस्तीला पुरत नाही. सभापती कोणीही असो, ज्या कामातून तिजोरी भरते त्याच फायली त्याच्या टेबलावर आधी येतील. माझ्या मते प्रत्येक समाजभवनाचा जमाखर्च वेगळा ठेवून तो त्याच दारावर लावावा, आणि एका ठरलेल्या रकमेपर्यंतच्या किरकोळ दुरुस्तीचा अधिकार परिसरातल्या लोकांच्या समितीला द्यावा. नळाचा वायसर बदलायला सभापतीची सही लागते, इथेच सगळे बिघडते.

धरमपेठकर:
समितीला माझा विरोध नाही, पण तिचे सदस्य कोण ठरवणार? लेआउटच्या संस्थेत वर्षानुवर्षे तेच चार जण पदाधिकारी असतात, आणि हिशेब मागणाऱ्यालाच ते भांडखोर ठरवतात. समितीवर अधिकाऱ्याचा अंकुश नसेल, तर आपण एका मोठ्या मनमानीच्या जागी दहा छोट्या आणून बसवू.

मानेवाडेकर:
अंकुश हवाच, पण तो ठेवणारा अधिकारी कारभार समजून घेईपर्यंत तरी टिकला पाहिजे. बदलीचा आदेश निघाला की नव्या साहेबांपुढे तोच अर्ज, तीच छायाचित्रे आणि तेच स्पष्टीकरण पुन्हा ठेवावे लागते. धरमपेठकर म्हणतात तशी वशिल्याची भीती मलाही आहे. म्हणूनच निवडलेल्या सभापतीकडे हॉलच्या तारखा देण्याचा अधिकार देऊ नये, आणि कोणती तारीख कोणाला दिली याची यादी सर्वांना दिसेल अशी असावी. लकडगंजकरांचा दारावरचा जमाखर्च मला मान्य आहे, मात्र तो चुकीचा निघाला तर जाब कोणाला विचारायचा, हे त्यांनी सांगितलेले नाही. नेमलेल्या सभापतीला आम्ही घरी पाठवू शकत नाही, आणि माझा मुद्दा तेवढाच आहे.