मुलाने कुस्तीसाठी वजन उतरवायचं की नाही, हे कोण ठरवणार?

मिरजेची लेक (न्यू जर्सी)

गेला शनिवार पूर्ण हायस्कूलच्या जिममध्ये गेला. सकाळी सातला वजनं, नऊनंतर कुस्त्या, घरी यायला संध्याकाळचे सहा. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे, शाळेच्या संघातलं हे त्याचं दुसरं वर्ष.

ज्यांना इथली शालेय कुस्ती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही ऑलिम्पिकमधली फ्रीस्टाइल नव्हे, फोकस्टाइल. दोन-दोन मिनिटांचे तीन पिरियड. खाली पाडलं की काम संपत नाही, पाडलेल्याला दाबून धरावं लागतं आणि खालच्याने सुटून उठायचं असतं. पाडण्याचे आता तीन गुण आहेत, सुटण्याचा एक. दोन्ही खांदे दोन सेकंद टेकले की कुस्ती निकाली.

तिसऱ्या कुस्तीत तो दुसरा पिरियड संपताना चार-एकने पुढे होता. तिसऱ्यात त्याचे पाय गेले. समोरच्याने फार मोठा डाव केला असंही नाही. पाय धरला, आणि माझा मुलगा तो सोडवायला वाकलाच नाही. नुसता उभा राहिला. मग पडला, उलटा झाला, खांदे टेकले. मी चौथ्या पायरीवर होते, त्याचं तोंड माझ्याकडे होतं. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरा सुकलेला थर. डोळे उघडे होते, पण मी त्याला दिसत नव्हते.

नोव्हेंबरात त्याचं वजन १३० पौंड होतं. १२६ च्या गटात संघात एक सीनियर आहे, त्याने याला चाचणीत दोनदा हरवलं. १२० ची जागा रिकामी होती. रिकाम्या गटाचे सहा गुण समोरच्या संघाला फुकट जातात, म्हणून कोचने विचारलं, १२० ला येशील का? हा लगेच हो म्हणाला. नियमानुसार सगळं बरोबर आहे. हंगामाआधी अंगात पाणी पुरेसं आहे ना हे बघायला लघवीची तपासणी झाली, चरबी मोजली, किती आठवड्यांत किती उतरायचं याचा तक्ता आला. तक्त्यात १२० बसत होतं.

घरात काय चाललं होतं ते मात्र तक्त्यात नव्हतं. शनिवारी वजन दिलं की खायचं, रविवारी १२५, आणि शुक्रवारी रात्री पुन्हा १२०. दोन-दोन स्वेटशर्ट घालून तळघरात दोरीच्या उड्या. संक्रांतीला मी तिळगूळ हातावर ठेवला. त्याने नाकाशी नेला, वास घेतला आणि परत डब्यात ठेवून झाकण लावलं. त्या रात्री मी रडले.

सोमवारी कोचना फोन करून सांगितलं, हा १२० ला खेळणार नाही. जागा नसेल तर १२६ ला दुसऱ्या फळीत खेळेल. तेव्हापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही.

माझं मत असं आहे. मॅटवर काय करायचं ते त्याचं आणि कोचचं, तिथे मी तोंड उघडत नाही. इतर पालक ओरडतात तशी एकदाही ओरडले नाही. पण त्याने उपाशी राहायचं की नाही हे ठरवणं आईबापांचं काम आहे. 'बॉडी त्याची, निर्णय त्याचा' हे पंधराव्या वर्षी मला मान्य नाही. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट सांगा.

आयोवाकर बाबा

ताई, राग मानू नका, पण मला तुमचं पटलेलं नाही.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, चौथं वर्ष खेळतोय. नियम काय आहेत ते नीट बघा. देशभरच्या हायस्कूलांना २००६-०७ च्या हंगामापासून वजनाची योजना सक्तीची आहे. मुलांना सात टक्के चरबीच्या खाली उतरता येत नाही, मुलींना बारा. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन कमी करायचं नाही, म्हणजे १३० पौंडांच्या मुलाला दोन पौंडसुद्धा नाही. रबरी सूट बंद, सॉना बंद. वजन आणि कुस्ती यांत तासा-दोन तासांचंच अंतर असतं, म्हणून सुकून येण्यात फायदा उरत नाही. बऱ्याच राज्यांत तर वाढत्या वयाचे म्हणून हंगामाच्या मध्यावर दोन पौंड वाढवूनही मिळतात. एवढी जाळी कुठल्या दुसऱ्या खेळात आहे?

तुमच्या मुलाचं चुकलं ते रविवारी. पाच पौंड वर जाऊ द्यायचंच नाही. रोज सकाळी अंडी, दुपारी पोटभर जेवण, पाणी दिवसभर, आणि आठवडाभर वजन दोन पौंडांच्या आत ठेवायचं. आमच्याकडे हे मुलाने आणि मी मिळून बसवलं. तुम्ही त्याला हे शिकवायच्या ऐवजी त्याचा गटच काढून घेतलात. तेही त्याला न सांगता, परस्पर कोचना फोन करून. पंधरा वर्षांच्या मुलाला पराभव सहन होतो. आईने संघासमोर आपल्याला लहान केलं, हे सहन होत नाही.

खासबागचा जुना गडी (कोल्हापूर)

पोरी, मी ६८ वर्षांचा. सोळाव्या वर्षी तालमीत राहायला गेलो आणि सात वर्षं माती खाल्ली. तुमचं वाचून पोटात कालवलं.

आमच्या वेळी जत्रेच्या मैदानात काटा नव्हता. जोड ठरवायची तर पंच दोघांना शेजारी उभं करायचे, खांदा बघायचे, मांडी बघायचे, मग जोड लागायची. वस्ताद ओरडायचे ते वजन वाढत नाही म्हणून. दूध, तूप, बदामाची थंडाई, जोर-बैठका, आणि परत दूध. 'उतरव' हा शब्द मी तालमीत ऐकलेला नाही.

खाशाबांचं सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये ५२ किलोच्या गटात खेळले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत खेळले आणि कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गडी वरच्या गटात जाऊन पदक घेऊन आला, खाली उतरून नव्हे. आणि ५७ किलो म्हणजे हिशेब कर, तुझ्या पोराचा १२६ पौंडांचाच गट की गं!

तू केलंस ते बरोबर केलंस. पण पोराला दुसऱ्या फळीत बसवून ठेवू नकोस. त्या सीनियरला पाड म्हणावं.

आयोवाकर बाबा

काका, मान ठेवून बोलतो. खाशाबा १९४८ ला बावीस वर्षांचे होते आणि १९५२ ला सव्वीसचे. त्या चार वर्षांत त्यांचं शरीरही भरलं आणि अनुभवही. त्यावरून 'वरच्या गटात गेलं की पदक' असा नियम निघत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये अमन सेहरावतने उपांत्य फेरीनंतर दहा तासांत साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी कांस्यपदक जिंकलं. तेही ५७ किलोतच.

मिरजेची लेक (न्यू जर्सी)

दादा, त्याच पॅरिसमध्ये दोनच दिवस आधी विनेश फोगाट रात्रभर जागली, केस कापले, आणि तरी शंभर ग्रॅम जास्त भरली. अंतिम फेरी गाठलेली मुलगी न खेळताच बाहेर गेली. तिच्यामागे डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, आख्खा चमू होता. माझ्या मुलामागे तळघरातली दोरी आहे.

बालरोगतज्ज्ञ (नाशिक)

मी कुस्ती खेळलेले नाही, मुलं तपासते. दोन मुद्दे.

एक, ती लघवीची तपासणी हंगामाच्या सुरुवातीला तक्ता ठरवताना होते. दर शनिवारी काट्यावर चढताना होत नाही. त्यामुळे जानेवारीत मुलाच्या अंगात पाणी किती आहे हे तो तक्ता सांगू शकत नाही. आईच्या डोळ्यांना जे दिसलं, सुकलेले ओठ, हरवलेली नजर, प्रतिसाद न देणारे पाय, ती पाणी कमी पडल्याची लक्षणं असू शकतात. ती गंभीरपणे घ्यायलाच हवीत.

दोन, हे नियम सहज आलेले नाहीत. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात महिन्याभराच्या अंतरात अमेरिकेतले तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना गेले. घाम काढत, पाणी तोडून. त्यानंतर कॉलेजांचे नियम बदलले आणि पुढे शाळांचे. ती तिघंही सज्ञान होती, आपला निर्णय आपण घेणारी. पंधरा वर्षांचा मुलगा अजून वाढतोय, त्याला तर ही मोकळीक मुळीच देऊ नये.

एकेकाळचा ११३ (टेक्सास)

मी इथेच वाढलो, माझं मराठी सांभाळून घ्या. आता पंचविशीत आहे. हायस्कूलची चारही वर्षं कुस्ती खेळलो.

काकू, तुम्हाला जे लहान वाटतंय ते त्याच्यासाठी लहान नाही. पहिल्या संघात असणं म्हणजे शुक्रवारी शाळेत संघाचा शर्ट घालून जायचं, बसमध्ये मागच्या सीटवर बसायचं, जिमचे दिवे मंद करून मधल्या मॅटवर एकच दिवा लावतात तेव्हा त्या दिव्याखाली धावत जायचं. मी वर्गात बुटका होतो, जेवणाच्या सुट्टीत एकटा बसायचो. ११३ ची जागा मिळाली आणि मला नाव मिळालं. ते कुणी फोन करून काढून घेतलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मी आईला आजवर सांगितलेली नाही. वजन उतरावं म्हणून मी बाटलीत थुंकायचो. डबा शाळेत फेकून द्यायचो आणि घरी येऊन 'खाल्ला' म्हणायचो. आईला कळलं असतं तर तिने कुस्ती बंद केली असती, म्हणून लपवलं. तुमचा मुलगा निदान तुमच्यासमोर तिळगूळ परत ठेवतोय. तुम्ही नाही म्हटल्यावर तो थांबेल असं धरू नका. पुढच्या वेळी फक्त तुम्हाला दिसणार नाही.

मी नाही म्हणा असंही सांगत नाही आणि हो म्हणा असंही नाही. फक्त त्याला बोलू द्या.

पुणेकर वाचक

मला प्रश्नच कळत नाही. दहावीचं वय, एवढा ताण, दुखापती वेगळ्या. खेळ सोडवा. बुद्धिबळ आहे, पोहणं आहे.

मिरजेची लेक (न्यू जर्सी)

सोडवणार नाही. माझे वडील मिरजेच्या तालमीत जायचे. मी दारापर्यंत डबा घेऊन जायची, आत यायला मुलींना बंदी. उंबऱ्यावरून लाल माती दिसायची, तेवढीच. आज माझा मुलगा त्याच खेळात आहे आणि मला पहिल्या बाकापर्यंत जाता येतं. कुस्तीने त्याला वेळेवर उठायला शिकवलं, हरल्यावर समोरच्याशी आणि त्याच्या कोचशी हात मिळवायला शिकवलं. माझं भांडण कुस्तीशी नाही, काट्याशी आहे.

दोन लेकींचा बाप (पेनसिल्वेनिया)

माझी थोरली कुस्ती खेळते. आमच्या राज्यात मुलींची स्वतंत्र राज्य स्पर्धा २०२४ ला पहिल्यांदा झाली, त्याआधी ती मुलांशी खेळायची. देशभरात २०२३-२४ मध्ये ६४ हजारांवर मुली हायस्कूल कुस्तीत होत्या. तिकडे सांगलीतही २०२३ ला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. हे सगळं आनंदाचं आहे, पण मुलीच्या घरात वजन हा शब्द किती जपून वापरावा लागतो ते मी शिकलोय.

ताई, १२० ला नाही म्हणालात ते योग्यच. पण 'उपाशी राहायचं की नाही हे आम्ही ठरवणार' इथे मी अडखळलो. आमच्याकडे आधी मी पोळ्या मोजायचो, ती खाते की नाही बघायला. तिला ते कोचच्या काट्याइतकंच जड झालं. तिने मला सांगितलं, "बाबा, तू माझ्याकडे बघत नाहीस, माझ्या ताटाकडे बघतोस." दुसऱ्या दिवशी घरातला काटा काढून गॅरेजमध्ये टाकला आणि ताटाकडे बघणं बंद केलं. ती आपल्या नैसर्गिक वजनाच्या गटात खेळते. दोन वर्षांत राज्यापर्यंत पोचलेली नाही. जेवते मात्र आमच्यासोबत.

आयोवाकर बाबा

डॉक्टरांचा पहिला मुद्दा मला माहीत नव्हता असं नाही, पण मी तो सोयीने बाजूला ठेवला होता, हे कबूल करतो. तपासणी एकदाच होते हे खरं. तरीही सांगतो, शहाण्या घरात एक गट खाली उतरणं सुरक्षितपणे होऊ शकतं, आमच्याकडे झालं. आणि कोचशी परस्पर बोलणं चूकच. त्या मतात बदल नाही.

मिरजेची लेक (न्यू जर्सी)

काल रात्री त्याच्या खोलीत गेले. टेक्सासच्या दादाने लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, थुंकण्याचं सुद्धा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दोनदा." मी विचारलं, काय दोनदा? "बाटली."

मी त्याला न विचारता फोन केला, ते चुकलं. तशी माफी मागितली. १२० ला नाही, हे मात्र मागे घेतलं नाही, आणि तेही त्याला तोंडावर सांगितलं. आयोवाच्या दादांचं रोजच्या खाण्याचं गणित चांगलं आहे, ते आम्ही १२६ वर टिकण्यासाठी वापरू. न्हाणीघरातला काटा आज कपाटात गेला.

त्याने एकच मागितलं. गुरुवारच्या सरावात सीनियरशी पुन्हा चाचणी कुस्ती हवी. कोच हो म्हणाले. तिथे पालकांना सोडत नाहीत, मी गाडीत बसून राहणार आहे.

खासबागचा जुना गडी (कोल्हापूर)

तो सीनियर उंच आहे की बुटका?

मिरजेची लेक (न्यू जर्सी)

उंच आहे काका. हात लांब, मानेवर टाकून खाली ओढतो.

खासबागचा जुना गडी (कोल्हापूर)

मग याने मान द्यायचीच नाही. गुडघ्यात बसून राहायचं, हात आला की मनगट धरून बाजूला टाकायचा आणि त्याच पावलात एकेरी पट. डोकं आतल्या बाजूला. पाय हातात आला की उचलायचा, थांबायचं नाही. आज-उद्या पन्नास-पन्नास वेळा घटवून घे म्हणावं. आणि बुधवारी रात्री पोटभर जेवू घाल.

मिरजेची लेक (न्यू जर्सी)

वरण-भात आणि तूप. सांगते त्याला. डोकं आतल्या बाजूला.