अहमदाबाद-लंडन: भाडं फर्स्ट क्लासचं, पण पहिल्या टप्प्यात बिझनेस का?

सुरसागरकाठ
मंडळी, आईबाबांचं लंडनचं तिकीट काढायचंय. बडोद्याहून थेट विमान नाही, म्हणून गाडीने अहमदाबाद आणि तिथून एमिरेट्सने दुबईमार्गे हीथ्रो असा बेत आहे. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे फर्स्ट क्लास बघतोय. भाडं फर्स्टचं दिसतं, पण अहमदाबाद-दुबईखाली बारीक अक्षरात 'बिझनेस' लिहिलंय. एअर इंडियाच्या दिल्ली-लंडन ए350 मध्ये तर फर्स्ट सापडतच नाही. हा क्लास बंद होत चाललाय का? आणि एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

विंगटिप
आधी अहमदाबादचं सांगतो. 26 जानेवारी 2025 पासून तिथे एमिरेट्सचं ए350 येऊ लागलं. त्यात 32 बिझनेस, 21 प्रीमियम इकॉनॉमी (बिझनेस आणि इकॉनॉमीच्या मधला क्लास) आणि 259 इकॉनॉमी सीटा आहेत, फर्स्ट नाहीच. एअर इंडियाच्या ए350 चं तेच: 28, 24 आणि 264. त्यांच्या जुन्या 777-300ईआर मध्ये पुढे 4 फर्स्ट सीटा होत्या, नवं विमान घेताना त्या वगळल्या.

तुम्हाला दिसतंय ते मिश्र केबिनचं तिकीट, म्हणजे एका टप्प्यात एक क्लास आणि दुसऱ्यात दुसरा. पैसे भरण्याआधी प्रत्येक टप्प्याचा विमान-कोड उघडून बघा. 359 म्हणजे ए350-900, 77डब्ल्यू म्हणजे 777-300ईआर, 388 म्हणजे ए380. मग भाड्याचं अक्षर बघा: एफ किंवा ए असेल तर फर्स्ट, जे, सी, डी असेल तर बिझनेस. नुसतं 'ए380' वाचून खूश होऊ नका. एमिरेट्सच्या बहुतेक ए380 मध्ये वरच्या मजल्यावर 14 फर्स्ट स्वीट (छोट्या खोलीसारख्या बंदिस्त सीटा) आहेत, पण त्यांच्याकडे 615 सीटांचं दोनच क्लासचं ए380 सुद्धा आहे. सीट-मॅप उघडून स्वीट मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

मांडवीकर
बंद का होतंय, ते जागेच्या हिशेबात आहे. 777 च्या इकॉनॉमीत एका ओळीत 10 सीटा असतात आणि दोन ओळींत 31-32 इंचांचं अंतर. फर्स्टच्या ओळीत सीटा 4 आणि लांबी 80 इंचांच्या आसपास. म्हणजे चार फर्स्ट सीटा इकॉनॉमीच्या साधारण 25 सीटांची जागा खातात. पण विमान कंपनी ही तुलना इकॉनॉमीशी करतच नाही, बिझनेसशी करते. एकमेकींत अडकवलेली (मागच्याची पावलं पुढच्या सीटच्या टेबलाखाली) 1-2-1 बिझनेसची ओळ, म्हणजे दोन्ही खिडक्यांशी एकेक आणि मध्ये दोन सीटा, सुमारे 44 इंचांत बसते, म्हणजे त्याच जागेत सात-आठ सीटा. मग फर्स्टचं भाडं बिझनेसच्या दुप्पट हवं आणि सीट त्या भावाने विकलीही जायला हवी. इथेच अडतं, कारण फर्स्टमधल्या बऱ्याच सीटा माइल्स (प्रवासातून जमलेले पॉइंट) आणि अपग्रेडवर भरतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. बिझनेसची सीट वर सरकत गेली. 2000 साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेसमध्ये पूर्ण सपाट पलंग आणला. 2017 मध्ये कतार एअरवेजच्या क्यूस्वीटने बिझनेसच्या सीटला दार बसवलं. आपल्या जेट एअरवेजच्या 777 मध्ये दार असलेले स्वीट होते ते फर्स्टमध्ये, फक्त 8. पलंग आणि दार या दोन्ही गोष्टी खालच्या क्लासात आल्यावर वरच्या भाड्यासाठी उरतं काय? थोडी जास्त रुंदी, जेवण आणि लाउंज.

अमेरिकन एअरलाइन्सचं उदाहरण बघा. त्यांच्या 777-300ईआर मध्ये 8 फर्स्ट आणि 52 बिझनेस सीटा होत्या. नव्या रचनेत फर्स्ट शून्य, बिझनेस 70. प्रीमियम इकॉनॉमी 28 वरून 44 झाली, इकॉनॉमी 216 तशीच.

गॅलीजवळ
मांडवीकर, हिशेब पटला, पण 'बंद' हा शब्द नको. संख्या घटतेय आणि सीट मोठी होतेय. सिंगापूर एअरलाइन्सने ए380 मधले 12 स्वीट 6 वर आणले. एअर फ्रान्सच्या 2025 च्या नव्या रचनेत चारच सीटा, प्रत्येकीला पाच खिडक्या. क्वांटासच्या येणाऱ्या ए350-1000 मध्ये 6.

मोठ्या सीटचं वजनही नडतं. स्विस या विमान कंपनीच्या ए330 मध्ये नव्या जड सीटांनी विमानाचं नाक इतकं जड झालं की तोल साधायला मागच्या भागात सुमारे दीड टन शिसं ठेवायचा आराखडा करावा लागला. ते वजन दर उड्डाणाला इंधन जाळणार.

सुरसागरकाठ
म्हणजे बिझनेस घेतलं तर बाबांची गैरसोय होणार नाही ना? आणि फर्स्ट काढलं आणि आयत्या वेळी विमान बदललं तर?

गॅलीजवळ
गुडघ्यांसाठी क्लासच्या नावापेक्षा पायांची जागा बघा. अडकवलेल्या बिझनेस सीटमध्ये पलंग पसरला की पावलं पुढच्या सीटच्या टेबलाखालच्या खोबणीत जातात. ती खोबण अरुंद असते. सरळ झोपलं तर चालतं, पण कुशीवर वळून गुडघा दुमडायला गेलं की वर आपटतो. केबिनमधल्या पहिल्या ओळीत पुढे भिंत असते आणि बहुतेक रचनांमध्ये खोबण रुंद मिळते. ती ओळ लवकर अडवा. एमिरेट्सच्या जुन्या 777 मध्ये बिझनेस 2-3-2 आहे, तिथे मधली सीट पदरात पडली तर उठताना शेजाऱ्याला ओलांडावं लागेल. ती तर नकोच. फर्स्टमध्ये पाय मोकळे राहतात, तोच खरा फरक. तो हवा असेल तर दुबई-लंडन टप्प्यापुरता घ्या, कारण तिथे सात तास आहेत. अहमदाबाद-दुबईला साधारण तीन तास, तेवढ्यासाठी बिझनेस भरपूर झालं.

व्हीलचेअर उड्डाणाच्या 48 तास आधी कळवा. जिने चढता येत असतील तर 'डब्ल्यूसीएचआर', नसतील तर 'डब्ल्यूसीएचएस'. हा कोड बुकिंगवर चढला का, ते फोन करून विचारा.

विंगटिप
विमान बदलून सीट खालच्या क्लासची मिळाली तर डीजीसीएचा (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा) नियम आहे, 15 फेब्रुवारी 2023 पासून. आंतरराष्ट्रीय प्रवासात 1500 किमीपर्यंत करांसह भाड्याच्या 30 टक्के, 1500 ते 3500 किमीला 50, त्यापुढे 75 टक्के परत. अहमदाबाद-दुबई 50 टक्क्यांत बसतं. पण जो टप्पा तिकिटावर आधीच 'बिझनेस' छापून आलाय, त्यावर दावा करता येत नाही. म्हणून तिकीट हाती येताच प्रत्येक टप्प्याचा क्लास दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि काउंटरवर खालच्या क्लासचा बोर्डिंग पास दिला तर तोही जपून ठेवा.