भूतकाळ आणि भावनांचे शब्द: इंग्रजीचा सराव घरी कसा घ्यावा?

सातवीची आई, सोलापूर: लेकीला गो-वेंट-गॉन घडाघडा पाठ आहे. काल गड्ड्यावरून, म्हणजे इथल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतून, आल्यावर इंग्रजीत सांग म्हटलं, तर ‘आय वॉज गो इन पाळणा, आय वॉज हॅपी’. पाळणा वर गेला तेव्हा माझा दंड घट्ट धरून डोळे मिटून बसली होती! हॅपी आणि सॅड सोडून तिला शब्दच सुचत नाहीत. काय करू?

निवृत्त मास्तर: ताई, रूपं पाठ असणं वेगळं, बोलताना तोंडात येणं वेगळं. रोज रात्री दिवसातली एकच गोष्ट सांगायला लावा, पण भावनेला कारण हवंच: ‘आय फेल्ट स्केअर्ड बिकॉज द व्हील स्टॉप्ड अ‍ॅट द टॉप.’ नंदीध्वजांची मिरवणूक पाहिली असेल तर एक्सायटेड, पाय दुखले तर टायर्ड, हरवलेली चप्पल सापडली तर रिलीव्ह्ड. आठवड्याला तीन-चार शब्द खूप झाले. आणि ती बोलत असताना मध्येच चूक काढू नका, मुलं गप्प होतात. तिचं झालं की तेच वाक्य तुम्ही बरोबर म्हणा.

डीएड झालेली: ‘वॉज गो’ची सवय प्रश्नोत्तरांनी मोडते. ‘व्हेअर डिड यू गो?’ ‘आय वेंट टू द फेअर.’ डिड आलं की मूळ रूप, नाहीतर वेंट. बोअर्ड-बोअरिंगही आत्ताच सांगा. ‘आय वॉज बोअरिंग’ म्हणजे मीच कंटाळवाणी होते!

सातवीची आई: मास्तर, आज भाकरी थापताना विचारलं. ‘स्केअर्ड’ तिनं स्वतःहून वापरला. आभार.